डाव्या सोंडेची गोळी

मोजा काढला की घोट्याच्या वर इलॅस्टिकचा वळ उमटलेला दिसायचा. बरेच दिवस मी तिकडे काणाडोळा केला. सिलतऱ्यात दिवसभर उभं राहिल्यावर कुणाचे पाय जड होत नाहीत? रायपूरहून बिलासपूरकडे निघालं की शहर संपतं न संपतं तोच हा स्पंज आयर्नचा, रोलिंग मिलचा आणि काळ्या धुळीचा मुलूख सुरू होतो. दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी पांढराच सापडला तर इथे घरच्यांना नवल वाटतं. पण एका रविवारी घोट्याजवळ अंगठा दाबून धरला आणि उचलला, तर मळलेल्या कणकेत पडावा तसा खळगा पडला, आणि तो भरून यायला चांगलं अर्धं मिनिट लागलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की किडनी ठीक आहे, हृदय ठीक आहे, हा प्रताप रक्तदाबाच्या गोळीचा. अ‍ॅम्लोडिपिन पाच मिलिग्रॅम बंद, तिच्या जागी एस-अ‍ॅम्लोडिपिन अडीच.

मेडिकलवाल्याने दोन्ही पट्ट्या काचेवर शेजारी शेजारी ठेवल्या. नवीवरचा आकडा निम्मा, किंमत मात्र जास्त. मी विचारलं, हे वेगळं औषध आहे का? तो म्हणाला, "वही दवाई है भैया, बस इसमें एस लगा है."

त्याच्या वाक्यातला 'वही' खरा की 'एस' खरा, यावर पॅरिसच्या प्रयोगशाळेपासून दिल्लीच्या संसदेपर्यंत अनेकांनी डोकी खाजवली आहेत. ती गोष्ट पुण्यावरून जाते, म्हणून मला ती जवळची वाटते.

खरं तर मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. गणपतीची मूर्ती घ्यायला गेलं की सोंड कुठे वळली आहे ते आई आधी पाहते. डावीकडे असली तर निवांत. उजवीकडे असली तर तो सिद्धिविनायक, कडक, त्याचं सोवळं सांभाळायला हवं. माती तीच, वजन तेच, एकाला आरशासमोर धरलं तर आरशात दुसरा दिसतो. तरी नियम वेगळे. रेणूंमध्येही अशी डावी-उजवी सोंड असते. कार्बनच्या एका अणूला चार वेगवेगळे गट जोडले तर ते दोन तऱ्हांनी बसतात, आणि त्या दोन तऱ्हा म्हणजे डाव्या आणि उजव्या पायातल्या वहाणा. घटक सारखे, वजन सारखं, वितळण्याचं तापमानही सारखं. पण एकीवर दुसरी तंतोतंत बसत नाही.

शरीराला हा फरक कळतो का? नाकाला विचारा. पुदिन्याच्या चटणीला जो वास येतो त्यात कार्व्होन नावाच्या रेणूचा मोठा वाटा आहे. बाळंतिणीला जेवणानंतर चिमूटभर देतात त्या बाळंतशेपेच्या वासातही कार्व्होनच असतो, फक्त दुसऱ्या सोंडेचा. डोळे बांधून कुणाच्याही हातात दोन्ही द्या, पुदिना आणि बाळंतशेपेत घोटाळा होणार नाही. कारण नाकातले वास ओळखणारे ग्राहकही तसेच एका सोंडेचे, एका हाताचे. डावी वहाण उजव्या पायात चढवली तर चालता येतं, पण पाय लगेच कुरकुरतो.

हे सगळं उजेडात आणलं ते आंबट आमटीतल्या पदार्थाने. वाइनच्या पिंपांत आतून जो खडबडीत थर बसतो त्यातून टार्टारिक आम्ल मिळतं. आपल्याकडे तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. जगदलपूरच्या बाजारात बस्तरच्या चिंचेचे ढीग लागतात, त्यांच्या आंबटपणाचं मूळ तेच. या आम्लाच्या द्रावातून ध्रुवित, म्हणजे एकाच पातळीत कंप पावणारा, प्रकाश सोडला की त्याची पातळी उजवीकडे वळते. पण आल्सेसमधल्या थान गावच्या एका कारखान्यात त्याच घटकांचं दुसरं एक आम्ल हाती लागलं, आणि ते प्रकाश कुठेच वळवेना. त्याला रेसिमिक म्हणू लागले. लॅटिनमध्ये रेसिमस म्हणजे द्राक्षांचा घड.

१८४८ साली पंचवीस वर्षांच्या लुई पाश्चरने या रेसिमिक आम्लाचा सोडियम-अमोनियम क्षार केला, थंड होऊ दिला आणि स्फटिक भिंगाखाली धरले. प्रत्येक स्फटिकाला एक तिरपी कड होती. काहींची डावीकडे, काहींची उजवीकडे. त्याने चिमट्याने एकेक स्फटिक उचलून दोन ढिगाऱ्या केल्या, तांदूळ निवडावेत तशा. एका ढिगारीचा द्राव प्रकाश उजवीकडे वळवी, दुसरीचा तितकाच डावीकडे. दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळल्या की शून्य. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बियो या ज्येष्ठ शास्त्रज्ञाचा विश्वास बसेना. त्याने आपल्या देखत, आपल्याच सामानाने हा प्रयोग पुन्हा करायला लावला, आणि मग म्हातारा विरघळला.

यात पाश्चरच्या हुशारीइतकाच पॅरिसच्या हवेचा हात होता. या क्षाराचे डावे-उजवे स्फटिक वेगवेगळे पडतात ते साधारण २७-२८ अंश सेल्सिअसच्या खाली. त्याच्या वर गेलं की दोन्ही एकाच स्फटिकात गुंफले जातात आणि चिमट्याला निवडायला काही उरत नाही. सिलतऱ्यात मे महिन्यात पंचेचाळीस अंशाला पाश्चर बसला असता तर त्याला एकच ढिगारी मिळाली असती, आणि बहुधा तो घामाला वैतागून दुसऱ्या विषयाकडे वळला असता.

यानंतर शंभरेक वर्षं रसायनशास्त्रज्ञांना सगळं ठाऊक होतं आणि औषधांच्या कायद्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. निसर्गाने दिलेली औषधं बहुतेक एकाच हाताची असतात. क्विनिन, मॉर्फिन, आमच्या पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने १९५५ पासून बनवलेलं पेनिसिलिन, ही सगळी एकहाती. पण कारखान्यातल्या भांड्यात माणूस जेव्हा रेणू जोडतो तेव्हा डावे आणि उजवे निम्मे-निम्मे निघतात. वेगळे करायला खर्च येतो, म्हणून मिश्रणच गोळीत भरायचं. निम्मी गोळी काम करायची, निम्मी फुकट प्रवास करायची. १९८४ साली आरियन्स या डच औषधशास्त्रज्ञाने एका लेखात या दुर्लक्षावर झोड उठवली. रुग्णाच्या पोटात उगाच ढकललेल्या त्या निम्म्या मालाला तो जहाजाच्या तळाला भरतात तशा वजनाची उपमा देई.

थॅलिडोमाइडची गोष्ट इथे हटकून सांगितली जाते. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत आलेलं, १९६१ मध्ये मागे घेतलेलं झोपेचं औषध, आणि मधल्या काळात हातपाय खुरटलेली सुमारे दहा हजार मुलं. एक हात गुणकारी, दुसरा घातकी, वेगळे केले असते तर मुलं वाचली असती, असं कितीतरी पुस्तकांत छापलेलं आहे. मला ही सांगण्याची पद्धत खटकते. थॅलिडोमाइडचे दोन्ही हात शरीरात गेल्यावर आपापसांत बदलत राहतात. शुद्ध उजवा गिळला तरी थोड्या वेळाने रक्तात डावाही सापडतो. म्हणजे निवडणं-वेचणं करूनही तो अनर्थ टळला नसता. त्या शोकांतिकेने कडक कायदे आणले हे खरं, पण आरशाचा धडा तिच्याकडून घ्यायचा तर जपून घ्यावा.

आरशाचा फरक कायद्याने आधी ओळखला तो अमली पदार्थांच्या खात्यात, आणि तिथे कुणाला शंका उरली नाही. खोकल्याच्या औषधांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, ते आपण मुलांना चमच्याने पाजत आलो. त्याचं आरशातलं रूप लेव्होमेथॉर्फन हे मॉर्फिनच्या जातीचं तीव्र मादक द्रव्य. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात लेव्होमेथॉर्फन पहिल्या परिशिष्टात आहे आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन नाव घेऊन त्यातून वगळलेलं आहे. एक औषधाच्या दुकानात, दुसरं तुरुंगाच्या वाटेवर. अमेरिकेतल्या एली लिली कंपनीने तर गंमत केली होती. प्रोपॉक्सिफेनचा एक हात वेदनेवर चाले, त्याला नाव दिलं डार्व्हॉन. दुसरा खोकल्यावर, त्याचं नाव नोव्हरॅड. इंग्रजी अक्षरं उलट वाचली की एकाचं दुसरं होतं.

रक्तदाबाच्या, पित्ताच्या, सर्दीच्या गोळ्यांचं मात्र घोंगडं भिजत पडलं. १ मे १९९२ रोजी अमेरिकेच्या एफडीएने धोरण जाहीर केलं. मिश्रणावर बंदी नाही, पण कंपनीने दोन्ही हात वेगळे ओळखायच्या चाचण्या सुरुवातीपासून बनवाव्यात, प्रत्येक हात शरीरात काय करतो ते सांगावं, आणि मिश्रणच विकायचं असेल तर त्याचं कारण द्यावं. युरोपनेही लगोलग तसंच केलं. शास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच होतं. पण बाजाराला त्यात वेगळी वाट दिसली. जुन्या मिश्रणाचं पेटंट संपत आलं की त्यातला एक हात वेगळा काढायचा, नवं औषध म्हणून मंजुरी घ्यायची, नवं पेटंट मागायचं आणि डॉक्टरांना समजवायचं की आता हेच लिहा. ओमेप्राझोलचं एसोमेप्राझोल झालं, सिटालोप्रॅमचं एसिटालोप्रॅम, सेटिरिझिनचं लेव्होसेटिरिझिन. एसोमेप्राझोलच्या वेळी तर चाळीस मिलिग्रॅमची तुलना जुन्या वीस मिलिग्रॅमशी केल्याबद्दल टीका झाली. दुप्पट दूध घालून माझा चहा जास्त पांढरा, असं म्हणण्यासारखं ते.

या पार्श्वभूमीवर अ‍ॅम्लोडिपिन. हे फायझरचं औषध, इंग्लंडात केंटमधल्या सँडविच गावच्या प्रयोगशाळेत जन्मलेलं, अमेरिकेत १९९२ मध्येच मंजूर झालेलं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंत कॅल्शियम शिरू देत नाही, त्यामुळे वाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. ते काम जवळजवळ सगळं डाव्या हाताचं, म्हणजे एस रूपाचं. उजवा आर त्या कामात सुमारे हजारपटीने दुबळा. आणि सूज? धमनीकडच्या बारीक वाहिन्या सैल होतात, शिरांकडच्या तितक्या होत नाहीत, मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी पाझरून सगळ्यात खाली, घोट्याशी, जमतं.

भारतात तेव्हा १९७० चा पेटंट कायदा होता. न्यायमूर्ती अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर उभ्या राहिलेल्या या कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट नव्हतं, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीला होतं. म्हणून फायझरचा रेणू दुसऱ्या पद्धतीने बनवायला आपल्याकडे कुणाची आडकाठी नव्हती, आणि रसायनशास्त्रज्ञांची बुद्धी सगळी 'पद्धती'वर लागली. पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे पुणेकरांची एनसीएल, या विद्येत मुरलेली. १९५० पासून तिथे कारखान्यांना लागणाऱ्या पद्धती शोधण्याचं काम चालू होतं. रोहिणी रमेश जोशी, रमेश अण्णा जोशी आणि मुकुंद केशव गुर्जर या तिघांच्या नावावर एकहाती अ‍ॅम्लोडिपिनचे क्षार बनवण्याच्या पद्धतीचं अमेरिकन पेटंट २००३ मध्ये निघालं. मालकी अर्थात एनसीएलच्या मातृसंस्थेची, सीएसआयआरची.

अ‍ॅम्लोडिपिनचे दोन हात वेगळे करण्याची रूढ युक्ती काय आहे हे कळलं तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो. टार्टारिक आम्ल! चिंचेचं, पाश्चरचं. दोन माणसांनी हस्तांदोलन करावं तसं हे. माझा उजवा हात तुमच्या उजव्यात नीट बसतो, डाव्यात बसत नाही. टार्टारिक आम्लाचा एकच हात घेऊन अ‍ॅम्लोडिपिनच्या मिश्रणात टाकला की दोघांपैकी एकाशी त्याची जोडी जमते आणि ती स्फटिक होऊन तळाला बसते. दुसरी जोडी द्रावात राहते. गाळा, धुवा, पुन्हा स्फटिक करा, मग आम्ल काढून टाका. शेवटी पिवळ्या सोडियम दिव्याच्या उजेडात पोलारिमीटरच्या नळीत नमुना धरून किती अंश वळला ते वाचा. चिमटा गेला, भिंग गेलं, पण हिशोब पाश्चरचाच: सगळं जमून आलं तरी हाती निम्माच माल येतो. उरलेला निम्मा म्हणजे दुसरा हात.

एस-अ‍ॅम्लोडिपिन बाजारात रुजवलं ते पुण्याच्याच एमक्युअरने. सतीश मेहता यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीने असोमेक्स या नावाने ते विकलं, आणि मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल, पँटोप्राझोल यांचेही एकहाती अवतार काढून 'कायरल' हा शब्द भारतीय डॉक्टरांच्या तोंडी बसवला. गुर्जर पुढे एमक्युअरच्याच संशोधनाचे प्रमुख झाले. कंपनीचा डॉक्टरांपुढचा मुद्दा साधा होता: पाच मिलिग्रॅमच्या गोळीत अडीच कामाचे आणि अडीच बिनकामाचे, मग कामाचेच अडीच द्या, सूज कमी येईल.

आता इथे जरा थांबायला हवं. सूज जर कामाच्या हाताच्याच कामामुळे येत असेल, तर बिनकामाचा हात काढल्याने ती कमी का व्हावी? उत्तर असं दिलं जातं की आर रूप अगदीच निरुद्योगी नाही. कॅल्शियमला ते अडवत नसलं तरी रक्तवाहिन्यांतल्या नायट्रिक ऑक्साइडशी त्याचे काही लागेबांधे आहेत. असेल. भारतात आणि चीनमध्ये झालेल्या तुलनांत दाब सारखाच उतरतो आणि सूज कमी आढळते, असे निष्कर्ष आहेत. पण चाचण्या बहुतेक लहान आणि थोड्या आठवड्यांच्या, आणि सुरुवातीच्या आपल्या अभ्यासात तुलनेला दुसरा गटच नव्हता. ज्याला सूज आहे त्याला गोळी बदलून दिली आणि सूज उतरली, तर श्रेय कुणाला द्यायचं? माझाही वळ महिन्याभरात पुसट झाला. पण त्याच महिन्यात पाऊस सुरू झाला होता, उकाडा उतरला होता आणि मी जेवताना पापड-लोणचं सोडलं होतं. एका घोट्यावरून शास्त्र ठरत नाही.

सरकारची गंमत अशी की त्याच्या प्रत्येक खिडकीवर 'हे तेच की वेगळं' या प्रश्नाला वेगळं उत्तर मिळतं. औषध नियंत्रकाच्या खिडकीवर एस-अ‍ॅम्लोडिपिन वेगळं. ते बाजारात आलं तेव्हा लागू असलेल्या १९४५ च्या औषध नियमांतल्या १२२-ई खाली ते नवं औषध, म्हणजे दिल्लीची परवानगी हवी, कागद हवेत, इथल्या रुग्णांवरची माहिती हवी. त्या कागदांच्या शेड्यूल वाय नावाच्या यादीत विद्राव्यतेच्या शेजारी 'रोटेशन' असा एक शब्द असे, आणि पाश्चरचा अख्खा वारसा सरकारदरबारी त्या एका शब्दात मावत असे. चार वर्षं ते नवं राही, मग राज्याच्या एफडीएकडून कुणीही परवाना घ्यावा. एस लावलेल्या एवढ्या पट्ट्या दुकानात का दिसतात, त्याचं हे एक कारण.

किमतीच्या खिडकीवर उलटं. १९९५ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात मूळ औषधाची व्याख्या करताना त्याचे क्षार, एस्टर आणि 'स्टिरिओ-आयसोमर', म्हणजे हेच डावे-उजवे हात, त्याच्याच पोटात घातले होते. सोंड कुठेही असो, मूर्ती एकच. २०१३ च्या आदेशातही व्याख्येत आयसोमर आहेत, पण कमाल किंमत ठरते ती आवश्यक औषधांच्या यादीत अमुक औषध, अमुक मिलिग्रॅम असं जे लिहिलं असेल त्याची. व्याख्या आणि यादी यांच्यात एवढीशी फट राहिली की बाजार तिच्यातून ट्रक नेतो.

पण खरा सामना झाला पेटंटच्या खिडकीवर. जागतिक व्यापार कराराप्रमाणे २००५ पासून रेणूलाही पेटंट देणं भारताला भाग होतं. मार्च २००५ मध्ये संसदेत दुरुस्ती आली तेव्हा डाव्या पक्षांच्या रेट्याने कलम ३(ड) कडक करण्यात आलं. माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप हा शोध नाही, त्याची परिणामकारकता वाढली तरच शोध. आणि खाली स्पष्टीकरण: क्षार, एस्टर, स्फटिकाची रूपं, शुद्ध रूप, आयसोमर, आयसोमरांची मिश्रणं हे सगळे मूळ पदार्थच मानले जातील, परिणामकारकतेत लक्षणीय फरक असल्याखेरीज.

हे स्पष्टीकरण आपल्या संसदेने कोऱ्या कागदावर लिहिलं नव्हतं. युरोपीय महासंघाच्या २००४ च्या एका औषधविषयक निर्देशात जवळजवळ हेच वाक्य आहे, जेनेरिक औषध कशाला म्हणावं ते ठरवण्यासाठी. तिथे शब्द आहेत 'सुरक्षितता आणि/किंवा परिणामकारकता'. दिल्लीत येता येता सुरक्षितता वाटेत गळाली. मुद्दाम की घाईत, कोण जाणे. पण एस-अ‍ॅम्लोडिपिनसारख्या औषधाच्या दृष्टीने सगळा खेळ त्या गळलेल्या शब्दात आहे. दाब अधिक उतरतो असा त्याचा दावाच नाही. दावा आहे तो सूज कमी येते असा, म्हणजे सुरक्षिततेचा. युरोपच्या वाक्यात मोज्याच्या वळाला जागा आहे, आपल्या वाक्यात नाही.

यातही एक मराठी नाव मध्यभागी येतं. कायदा मंजूर करतानाच सरकारने तांत्रिक तज्ज्ञांचा गट नेमला: औषधांची पेटंट फक्त नव्या रासायनिक रेणूंपुरती ठेवली तर ते जागतिक कराराशी जुळेल का? अध्यक्ष रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत गरिबीत शिकलेले, १९८९ ते १९९५ एनसीएलचे संचालक, नंतर सीएसआयआरचे महासंचालक. हळदीच्या पेटंटवर अमेरिकेशी भिडलेला हा माणूस. डिसेंबर २००६ मध्ये त्यांच्या गटाने अहवाल दिला की असं सरसकट बंधन कराराशी जुळणार नाही. हलकल्लोळ झाला. त्यातच निष्कर्षाजवळचा काही मजकूर शमनाद बशीर या कायदेतज्ज्ञाच्या एका अभ्यासातून जसाच्या तसा आल्याचं उघड झालं, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये माशेलकरांनी अहवाल मागे घेतला. २००९ मध्ये तो सुधारून पुन्हा दिला, निष्कर्ष तोच. मला वाटतं, उतारे कुणाचे या गदारोळात मूळ प्रश्न बाजूला राहिला. आयसोमर शोधणं ही कधी खरी कारागिरी असते आणि कधी निव्वळ चलाखी, आणि हे एनसीएलच्या माजी संचालकाइतकं जवळून फार थोड्यांनी पाहिलं असेल.

तोवर कलम ३(ड) न्यायालयात पोचलं होतं. खटला आयसोमरचा नव्हता, नोव्हार्टिसच्या कर्करोगावरील इमॅटिनिबच्या स्फटिकरूपाचा होता, पण कलम तेच. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या पीठाने पेटंट नाकारलं. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोगावरची परिणामकारकता. नीट वाहतं, नीट साठवता येतं, ओलावा कमी धरतं, हे गुण त्यात धरले जाणार नाहीत. कमी त्रास होणं हे परिणामकारकतेत मोडतं का, यावरही युक्तिवाद झाला. मोडतं, असं म्हणणाऱ्यांत तेच शमनाद बशीर होते, या वेळी न्यायालयाला मदत करणारे अभ्यासक म्हणून उभे. न्यायालयाने त्या गाठीला हात लावला, पण पुरती सोडवली नाही.

दरम्यान रेणूंची डावी-उजवी कहाणी चालूच राहिली. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, वोक्हार्टच्या संशोधकांनी नॅडिफ्लॉक्सॅसिन हाती घेतलं. जपानच्या ओत्सुका कंपनीचं हे प्रतिजैविक मुरमांच्या मलमात अडकून पडलेलं. त्याचा एस हात वेगळा काढून, शिरेतून देता येईल असा क्षार करून, त्यांनी लेव्होनॅडिफ्लॉक्सॅसिन बनवलं, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंविरुद्ध. जानेवारी २०२० मध्ये भारतात मंजुरी मिळाली. इथे हात बदलल्याने मलमाचं इंजेक्शन झालं, हे निव्वळ पट्टीवरचं अक्षर बदलणं नव्हे.

आणि अ‍ॅम्लोडिपिनचा डावा हात? पुणेकरांनी तो गिळायला लागून दीड दशकाहून अधिक काळ लोटल्यावर, डिसेंबर २०१९ मध्ये, अमेरिकेच्या एफडीएने तो लेव्हअ‍ॅम्लोडिपिन या नावाने मंजूर केला. अर्ज सीएसपीसी या चिनी कंपनीचा होता. चीनमध्ये त्याचा केवढा गाजावाजा झाला! आपल्याकडे सकाळच्या चहाबरोबर कोट्यवधी अ‍ॅम्लोडिपिन गिळली जातात, त्यात ही बातमी विरघळून गेली.

परवा पट्टी संपली म्हणून संध्याकाळी दुकानावर गेलो. एसवाली नव्हती. मेडिकलवाल्याने साध्या पाचची पट्टी पुढे सरकवली. वही है, आज यही ले लो. मी चिठ्ठीवरचा एस दाखवला. मनात औषध नियमांतला ६५ (११-अ) घोळत होता: डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या अशा औषधाच्या बदल्यात दुसरी तयारी द्यायची नाही, 'त्यात तेच पदार्थ असोत वा नसोत'. तेच की वेगळं, या भानगडीत तो नियम पडतच नाही. पण सिलतऱ्याच्या दुकानात कलम सांगणारं गिऱ्हाईक म्हणजे वेडाच, म्हणून एवढंच म्हणालो, "नहीं भैया, एस वाली ही."

त्याने खांदे उडवले आणि पट्टी परत खोक्यात टाकली. "कल रायपुर से आ जाएगी."